बुरशीच्या पोटातला कारखाना

पावसाळ्यात नेकनूर गावातल्या घरात डब्यातल्या शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी चढली की ती आपण उकिरड्यावर टाकतो. पण गावच्या मेडिकलमध्ये मिळणारी सेफॅलेक्सिन या जिवाणूनाशक औषधाची कॅप्सूल अशाच एका बुरशीच्या भाऊबंदाची देणगी असू शकते.

ही गोष्ट समजायला आधी पेनिसिलिन पाहू. पुण्याजवळ पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पद्धत इडलीच्या पिठाचीच, फक्त भांडं प्रचंड: पोलादी टाकीत साखरेचं पाणी, भरपूर हवा आणि पेनिसिलियम बुरशी. याला किण्वन म्हणतात.

सेफॅलेक्सिनचं गणित थोडं वेगळं. त्याचा कच्चा सांगाडा म्हणजे ‘७-एडीसीए’. पूर्वी तो पेनिसिलिनवर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून मिळे. त्यात विषारी द्रावकं लागत, सांडपाणीही फार. मग शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूचं एक जनुक पेनिसिलियममध्ये बसवलं. त्यातून बनणारं विकर (एन्झाइम) पेनिसिलिनचं पंचकोनी कडं रुंदावून षटकोनी करतं. टाकीत अ‍ॅडिपिक आम्ल घातलं की बुरशी सांगाडा जवळजवळ पुरा करते. शेवटी दुसरं विकर त्याची जास्तीची शेपटी छाटतं. रसायनांचा पसारा आटोपतो, ऊर्जाही वाचते.

औषध बनवणं सोपं झालं, म्हणून ते चण्याफुटाण्यासारखं खाऊ नये. डॉक्टरांनी सांगितलं तरच घ्यावं आणि सांगितले तेवढे दिवस घ्यावं. जिवाणूही औषधाला चकवायला शिकतात, आणि झपाट्याने शिकतात.