मेमध्ये टँकर, जुलैत होडी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या इंटर्नल आहे, अजून दोन युनिट बाकी आहेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो : 'टँकर आलाय. अर्ध्या तासात पाणी सोडतोय. भरून घ्या.' मग पुस्तक बंद आणि बादल्या बाहेर. आई पिंप धुते, बाबा पंपाचा आवाज येतो का ते कान देऊन ऐकतात, आणि तुम्ही मग घेऊन नळापाशी उभे. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला किंवा विरारच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहत असाल, तर हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता दोन महिने पुढे या. जुलै. तोच रस्ता, तेच घर, आणि गुडघाभर पाणी. ट्रॅकवर पाणी, लोकल बंद, कॉलेजला दांडी. २०१८ चा जुलै आठवतोय? मी तेव्हा शाळेत होते. वसई-विरार कितीतरी दिवस पाण्यात होतं, वीज गेलेली, मिठागरांतली कुटुंबं अडकलेली. लोकांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या.

म्हणजे मेमध्ये पाणी विकत घ्यायचं आणि जुलैत तेच पाणी घरातून उपसून बाहेर फेकायचं. एकच शहर, मध्ये फार तर दोन महिन्यांचं अंतर. इंटर्नशिपमध्ये 'पाणी' हा विषय मिळाला तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. पाइपलाइन, दशलक्ष लिटर, निविदा, कोण वाचणार? पण मग एक साधा प्रश्न डोक्यात अडकला : या दोन्ही पाण्यांचा हिशेब एकाच वहीत कोण लिहितं?

आपल्या वहीत काय आहे ते आधी बघू. २००९ मध्ये वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १२ लाख २२ हजारांच्या आसपास. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते तुमच्या खिडकीतून दिसतंच.

पाणी कुठून येतं? सूर्या नदीवरच्या धामणी धरणाच्या योजनेतून दिवसाला २०० दशलक्ष लिटर. उसगावातून २०, पेल्हारमधून १०, आणि विरारच्या पापडखिंडीतल्या चिमुकल्या धरणाचं १. बेरीज २३१. कित्येक वर्षं हाच आकडा शहराच्या पाण्याच्या प्रत्येक बातमीत होता. मग एमएमआरडीएची मोठी सूर्या योजना आली : ४०३ दशलक्ष लिटर, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. सूर्यानगरला शुद्धीकरण केंद्र, हायवेच्या कडेने जाडजूड पाइप, मेंढवणखिंड आणि तुंगारेश्वर इथे डोंगराच्या पोटातून बोगदे. २०२३ च्या अखेरीस हे पाणी शहरात यायला लागलं.

२३१ अधिक १८५ म्हणजे ४१६. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठी धरलेलं प्रमाण. समजा लोकसंख्या २० लाख धरली, तर ४१६ मध्ये प्रत्येकाला २०० लिटरच्या वर मिळायला हवेत. कागदावर आपण श्रीमंत आहोत! मग टँकर का?

कारण धरणातून निघालेलं पाणी आणि तुमच्या बादलीत पडलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या वाटेवर ते गळतं, चोरीला जातं, न मोजता जातं. शहरातल्या जुन्या वाहिन्या कमी पडतात, उंचावरच्या भागात दाब पोचत नाही. २० टक्क्यांपर्यंतची तूट ही देशातल्या शहरांसाठी ठरवलेली 'बरी' पातळी आहे. आपण ती गाठली असं गृहीत धरलं, तरी ४१६ चे २० टक्के म्हणजे ८३ दशलक्ष लिटर. उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड तिन्ही मिळून ३१ होतात. म्हणजे 'बऱ्या' गळतीत आपण आपली तिन्ही घरची धरणं अडीच वेळा सांडून टाकू.

आणि पाणी दिवसाआड आलं की आणखी एक गंमत होते, खरं तर गंमत नाहीच. पाइप रिकामा असताना त्याच्या आत दाब नसतो. शेजारून गटार वाहत असेल आणि पाइपला चीर असेल, तर घाण आत ओढली जाते. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, त्याचं एक कारण हे. आई ते पाणी संडासासाठी बाजूला काढते. तिला 'प्रेशर' शब्द माहीत नाही, पण नियम माहीत आहे.

हे सगळं बघणारी एक नोकरी असते. जगभरातल्या पाणीपुरवठा संस्थांमध्ये तिला स्वतंत्र पद असतं : शहराचं पाणी एकत्रितपणे बघणारा आणि बचतीचं नियोजन करणारा माणूस. आपल्याकडे त्याला 'एकात्मिक जल व्यवस्थापन' असं भारदस्त नाव आहे. एरवी महापालिकांमध्ये पिण्याचं पाणी एका टेबलावर, सांडपाणी दुसऱ्या, पावसाचे नाले तिसऱ्या आणि इमारतींच्या परवानग्या चौथ्या टेबलावर. चारही टेबलांवर पाणीच आहे, फक्त त्यांच्या फायली एकमेकींना ओळखत नाहीत. या माणसाचं काम त्यांची ओळख करून देणं.

ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? मग हे गणित बघा. शहरात जेवढं पाणी येतं, त्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं इंजिनीअर धरतात. आपल्या जुन्या २३१ चे ८० टक्के किती? १८५. मी तीनदा कॅल्क्युलेटरवर मारलं. जेवढं नवं पाणी आपण इतकी वर्षं वाट बघून डोंगर फोडून आणलं, तेवढंच पाणी आपण रोज वापरून गटारात सोडत होतो. आणि विरारजवळ बोळिंजला जे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, त्याची क्षमता ३०.

सांडपाणी प्यायचं नाहीये, घाबरू नका. पण बागेला, बांधकामाला, फ्लशला, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांना पिण्याचंच पाणी का लागावं? नागपूर आपलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतं. सुरत ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकतं, म्हणजे गटारातून पैसेही येतात. आणि कराडला चिकटून असलेल्या छोट्याशा मलकापूरने घरोघरी मीटर लावले, जास्त वापराल तसा दर चढत जाईल अशी पद्धत ठेवली आणि चोवीस तास पाणी दिलं. मलकापूर! आपल्या एका प्रभागाएवढं गाव.

आता थोडं पश्चिमेकडे चला. स्टेशनच्या त्या बाजूला, गिरीज, निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात. तिथल्या मित्राच्या घरी गेलात तर मागच्या वाडीत एक खड्डा दिसेल, पाण्याने भरलेला, कडेला केळी आणि अळू. तो खड्डा नाही. ते बावखल. पूर्वी वाडीवाडीत असायचं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरी भरायच्या, आणि उन्हाळ्यात रहाटाने तेच पाणी पानवेलीला आणि भाजीला जायचं. पावसाळ्यात पूर अडवायचं, उन्हाळ्यात तहान भागवायचं. एकच खड्डा, दोन्ही कामं.

त्या भागात विहिरीचं पाणी गोड का असतं, हेही मला हे लिहिताना पहिल्यांदा कळलं. समुद्राजवळच्या रेताड जमिनीत पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असतं. पुस्तकी हिशेबाने, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची १ मीटर असेल, तर खाली त्याचा थर ४० मीटर खोल जातो. आता उलटं करा. वरून १ मीटर उपसा, आणि खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळं. म्हणून किनाऱ्यावर बेसुमार उपसा केला की विहीर फक्त आटत नाही, खारी होते.

हे वसईतल्या शेतकऱ्यांना कुठल्याही पुस्तकाआधी माहीत होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नव्या इमारतींसाठी इथल्या विहिरींचं पाणी टँकरने जायला लागलं, बिल्डरांची नजर हिरव्या पट्ट्यावर पडली, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेते होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हो, तेच, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. मी त्यांचं नाव शाळेत 'लेखक' म्हणून शिकले. टँकरसमोर उभं राहणारा माणूस म्हणून ते मला आत्ता कळले. माझ्या आईवडिलांसारखे लोक ज्या इमारतींमध्ये राहायला आले, त्यांची तहान त्या विहिरींवर भागत होती, हेही आत्ताच. थोडं अवघडल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

बावखलांचं काय झालं, तर बरीचशी बुजली. काही भराव टाकून, काही कचऱ्याने, काही नुसतीच विसरून. २०१८ च्या पुरानंतर महापालिकेने 'निरी' आणि 'आयआयटी मुंबई' यांची सत्यशोधन समिती नेमली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव : पावसाचं जादा पाणी काही काळ धरून ठेवणारे तलाव. वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं. हे तर मोठं बावखल! जे वाडीच्या मागे फुकट होतं, ते आता आराखड्यात काढून, जमीन शोधून, पैसे मोजून करायचं. गिरीजसारख्या ठिकाणी तरुणांनी गाळ काढून बावखलं पुन्हा जिवंत केली आहेत. सुट्टीत काय करायचं विचारत असाल, तर जाऊन बघून या.

आणि एकदा पूर्वेलाही बघा. सूर्या प्रकल्प मुळात शेतीसाठी झाला. डहाणू, पालघर, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनींना पाणी मिळावं म्हणून. धरणासाठी तिथल्या कुटुंबांची गावं उठली. त्यांचं पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले. आपण 'आमच्या हक्काचं पाणी' म्हणून घोषणा देतो तेव्हा तीच घोषणा तिकडेही दिली जाते. नालासोपाऱ्यात गळणारा लिटर कुणाच्या तरी शेतातला असतो. मला तरी या विषयातला सगळ्यात जड प्रश्न हाच वाटतो, आणि मोठा पाइप टाकून तो सुटत नाही.

घरच्या गच्चीचं गणितही मांडून बघितलं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. आमची गच्ची अंदाजे २५० चौरस मीटर. आपल्याकडे पावसाळ्यात २००० मिलिमीटर सहज पडतो. गुणाकार ५ लाख लिटर. वाया जाणारं वजा करून ४ लाख धरा. दहा हजार लिटरचे ४० टँकर, आमच्या डोक्यावर फुकट पडून गटारात जातात आणि जाताना खालचा रस्ता बुडवतात.

हे घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेले. (विकत घेतलेला समोसा खाऊन लोक माझं ऐकत होते, एवढं मात्र खरं.) पहिला प्रश्न आला : ४ लाख लिटर ठेवणार कुठे? बरोबर प्रश्न आहे. ठेवायचं नाही, बोअरवेलच्या बाजूला गाळून मुरवायचं. दुसरा प्रश्न : आमच्या बोअरला खारं पाणी येतं, मुरवून उपयोग? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी मुरवलेलं आणि खाडीजवळ मुरवलेलं सारखं नसतं. कुठे मुरवायचं, कुठे नुसतं धरून ठेवायचं, कुठे थेट टाकीत घ्यायचं, हे शहराचा नकाशा समोर ठेवूनच ठरवता येतं. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना पर्जन्यजल संधारण राज्याच्या नियमावलीत सक्तीचं आहे. पण खड्डा खणला की तो काम करतोय का, हे कुणीतरी दरवर्षी बघायला हवं.

ते 'कुणीतरी' तुमच्यापैकी असू शकतं. सिव्हिलवाल्यांना वाटतं ही आपलीच जागा. पण जिओलॉजीवाले लागतात भूजलासाठी, जीआयएस येणारे नकाशासाठी, स्टॅटिस्टिक्सवाले मीटरच्या आकड्यांसाठी, कॉमर्सवाले दर ठरवायला. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये न रागावता बोलू शकणारे तर फारच लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ही नावं प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर क्वचितच दिसतात. शोधावी लागतात.

आमच्या मीटिंगचा निकाल? गच्चीचा पाइप पुढच्या वर्षीवर गेला. मंजूर झाली ती एक वही. वॉचमनच्या केबिनमध्ये, दोरीला पेन बांधून : तारीख, किती वाजता, किती लिटर, किती रुपये. आत्तापर्यंत किती टँकर आले हे इमारतीत एकालाही सांगता आलं नव्हतं. पहिली नोंद काल रात्रीची आहे, ११.४०. वॉचमनकाकांनी लिटरच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलंय, कारण टँकरवाल्याने दहा हजार सांगितले आणि टाकी काही भरली नाही.