नॅनो तंत्रज्ञान : शेतीला उपयोग किती, धोका किती?



गेल्या काही हंगामांपासून धाराशिव जिल्ह्यातील खत दुकानांत युरियाच्या गोणीशेजारी अर्ध्या लिटरची बाटली दिसू लागली आहे. ही बाटली नॅनो युरियाची किंवा नॅनो डीएपीची असते. काही शेतकरी ती आवडीने नेतात. काहींना ती गोणीबरोबर घ्यावी लागते. तिच्यात नेमके काय असते, तिने गोणीची जागा घेतली तर पिकाचे काय होईल आणि असे अतिसूक्ष्म कण जमिनीत व पाण्यात गेले तर काय घडेल, हे प्रश्न मेळाव्यांतून नेहमी विचारले जातात. त्यांची उत्तरे समजून घेतल्याशिवाय खताचे नियोजन बदलणे योग्य ठरणार नाही.

नॅनो म्हणजे काय?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर बसतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. ज्या पदार्थाच्या कणांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर असतो, त्याला नॅनो पदार्थ म्हणतात.

कण बारीक झाला की त्याचे पृष्ठफळ वाढते. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा खडा घेतला तर त्याच्या सर्व बाजूंचे क्षेत्र ६ चौरस सेंटिमीटर होते. त्याच खड्याचे एक नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. पदार्थ तेवढाच राहतो, पण पाणी, हवा व जीवपेशी यांच्याशी त्याचा संपर्क प्रचंड वाढतो. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे थरही सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असतात. म्हणूनच ही जमीन पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. सूक्ष्मतेचा गुण आणि त्रास हे दोन्ही आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवत आलो आहोत.

पर्यावरणासाठी उपयोग

१) नत्राची गळती कमी करणे : जमिनीत टाकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारणपणे ३० ते ५० टक्केच पिकाला मिळते. उरलेल्यापैकी बराच भाग अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो किंवा नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो. काही भागाचा नायट्रस ऑक्साईड वायू होतो. हा वायू वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेट असलेले विहिरीचे पाणी तान्ह्या मुलांना घातक ठरते. खत थेट पानावर देता आले तर ही गळती टळेल, हा नॅनो खतामागील मूळ विचार आहे व तो योग्य आहे.

२) पाणी शुद्ध करणे : चांदीच्या नॅनो कणांनी पाण्यातील कीटकनाशकांचे अंश काढण्याची पद्धत चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिचा उपयोग घरगुती गाळणी यंत्रांत करण्यात आला. दूषित भूजल साफ करण्यासाठी परदेशात लोहाचे नॅनो कण वापरले जातात.

३) शेतातील टाकाऊ मालाचा उपयोग : मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसाच्या टाकाऊ तंतूंपासून नॅनो सेल्युलोज तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. कागद, वेष्टने व मिश्र पदार्थ बळकट करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

बाटलीचा हिशेब

इफकोने ३१ मे २०२१ रोजी नॅनो युरिया बाजारात आणला. गुजरातमधील कलोल येथील कारखान्याचे उद्‌घाटन २८ मे २०२२ रोजी झाले. नॅनो डीएपी एप्रिल २०२३ मध्ये आले. ही खते खत नियंत्रण आदेशाखाली अधिसूचित आहेत. नॅनो युरियाची एक बाटली एका गोणीइतका परिणाम देते, असे सुरुवातीला सांगण्यात आले. आता हिशेब पाहू.

• युरियाची ४५ किलोची गोणी, ४६ टक्के नत्र : २० किलो ७०० ग्रॅम नत्र.
• नॅनो युरियाची ५०० मिली बाटली, ४ टक्के नत्र : २० ग्रॅम नत्र.
• २०२४ मध्ये आलेल्या नॅनो युरिया प्लसची ५०० मिली बाटली, २० टक्के नत्र : १०० ग्रॅम नत्र.
• डीएपीची ५० किलोची गोणी : ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद.
• नॅनो डीएपीची ५०० मिली बाटली, ८ टक्के नत्र व १६ टक्के स्फुरद : ४० ग्रॅम नत्र व ८० ग्रॅम स्फुरद.

गोणीतील निम्मे नत्र वाया गेले असे धरले तरी पिकाला दहा किलो मिळते. बाटलीतील प्रत्येक कण पानात शिरला तरी नत्र २० ग्रॅम किंवा १०० ग्रॅमच मिळणार. खताची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे नॅनो खताला पीक वाढीच्या नाजूक अवस्थेत दिलेली पूरक फवारणी मानावे. पोटभर जेवणाची जागा ते घेऊ शकत नाही.

आपल्या जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक सोयाबीन आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश यांची शिफारस आहे. म्हणजे एकरी २४ किलो स्फुरद लागते आणि ते डीएपीच्या एका गोणीतून जवळजवळ पूर्ण मिळते. त्याऐवजी ८० ग्रॅम स्फुरदाची बाटली फवारली तर उरलेला स्फुरद पीक जमिनीच्या साठ्यातून घेईल. पहिल्या वर्षी कदाचित फरक जाणवणार नाही. मात्र चार-पाच वर्षांत जमीन खंगेल आणि तेव्हा त्याचे कारण कोणाला आठवणार नाही.

प्रयोग काय सांगतात?

देशभरात सुमारे ११ हजार शेतांवर ९० हून अधिक पिकांत घेतलेल्या चाचण्यांत नॅनो युरियामुळे उत्पादनात सरासरी ८ टक्के वाढ मिळाल्याचे इफकोने जाहीर केले आहे. शिफारशीत पायाभूत नत्र देऊन वरखताऐवजी दोन फवारण्या केल्या असता ३ ते ८ टक्के वाढ मिळते, असे शासनातर्फेही सांगण्यात आले.

याउलट लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठात भात व गव्हावर दोन वर्षे प्रयोग झाले. त्यांत अर्धे नत्र कमी करून त्याऐवजी नॅनो युरिया फवारण्यात आला. भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी, तर गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले आणि दाण्यातील प्रथिनेही कमी झाली. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनीही २०२३ मध्ये या खताच्या दाव्यांवर लेखी आक्षेप घेतला.

हे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटले तरी त्यांतून एक गोष्ट दिसते. जमिनीतील खत पुरेसे ठेवून फवारणी केली तर नुकसान संभवत नाही. खत निम्म्यावर आणून बाटलीवर विसंबले तर तूट येऊ शकते. कोरडवाहू शेतकऱ्याला गव्हात एकपंचमांश घट सोसणारी नाही.

खर्चाचाही विचार करावा. साध्या युरियाच्या २ टक्के फवारणीसाठी एकरी १२५ लिटर पाण्यात अडीच किलो युरिया लागतो. गोणीचा २६६ रुपये ५० पैसे हा अनुदानित दर धरला तर त्याची किंमत साधारण १५ रुपये होते आणि पानांवर १ किलो १५० ग्रॅम नत्र पडते. नॅनो युरियाची बाटली सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मिळते. अनुदानाचा बोजा कमी व्हावा म्हणून शासनाला नॅनो खतात रस असणे समजण्यासारखे आहे. पण आपल्या खिशाचा हिशेब आपणच करायचा असतो.

संभाव्य धोके

सर्वच नॅनो पदार्थांना एका मापाने मोजू नये. युरिया हा पाण्यात विरघळणारा परिचित पदार्थ आहे. त्याचे जमिनीत अमोनियम व नायट्रेट होते. चांदी, टायटॅनियम, सेरियम यांसारख्या धातूंचे नॅनो कण मात्र कुजत नाहीत. ते एकदा जमिनीत गेले की परत काढता येत नाहीत.

१) जमिनीतील जिवाणू : चांदीचे कण पाण्यातील रोगजंतू मारतात. तेच कण जमिनीत गेले तर उपयुक्त जिवाणूंनाही सोडत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सोयाबीनवरील प्रयोग प्रसिद्ध केला. डिझेलमध्ये मिसळले जाणारे सेरियम ऑक्साईडचे नॅनो कण मातीत जास्त प्रमाणात मिसळले असता मुळांवरील गाठींचे नत्र स्थिरीकरण जवळजवळ बंद पडले आणि पिकाची वाढ व उत्पादनही घटले. त्याच प्रयोगात नॅनो झिंक ऑक्साईड दिलेल्या झाडांच्या पानांत व दाण्यांत जस्त साठलेले आढळले. एक टन सोयाबीन दाण्यासाठी पीक सुमारे ८० किलो नत्र घेते व त्याचा निम्म्याच्या आसपास भाग गाठींतील जिवाणू हवेतून फुकट मिळवून देतात. आपल्या जिल्ह्यासाठी हा कारखाना बंद पडण्याइतके मोठे नुकसान दुसरे नाही.

२) फवारणी करणाऱ्याचे आरोग्य : अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. टायटॅनियम डायऑक्साईडच्या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्ककारक म्हणून केली आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये हा पदार्थ अन्नात वापरण्यास बंदी घातली.

३) पाणी व अन्नसाखळी : शेतातून ओढ्यात व तेथून तलावात गेलेले धातूंचे कण शेवाळ, जलकीटक व मासे यांच्या शरीरात साठू शकतात.

म्हणूनच भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांच्या गुणवत्ता, परिणामकारकता व सुरक्षितता तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) मातीपरीक्षणानुसार पेरणीच्या वेळची नत्र, स्फुरद व पालाशाची मात्रा पूर्ण द्यावी. नॅनो खत वापरायचे असल्यास ते पूरक फवारणी म्हणूनच वापरावे.

२) सोयाबीन, तूर व हरभऱ्याच्या बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी.

३) लेबलवरील घटकांचे प्रमाण, खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख, गट क्रमांक व अंतिम मुदत पाहूनच बाटली घ्यावी आणि पावती मागावी. नुसते नॅनो नाव छापलेले व घटक न लिहिलेले द्रावण घेऊ नये.

४) गोणी हवी तर बाटली घ्यावीच लागेल, अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. सक्ती झाल्यास पावतीसह तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी.

५) बाटली चांगली हलवून लेबलवर दिलेल्या प्रमाणात स्वच्छ पाण्यात मिसळावी. सकाळी किंवा सायंकाळी, वारा शांत असताना फवारावे. पावसाचा खंड पडून पाने कोमेजली असतील तर फवारणी करू नये. बारा तासांत पाऊस आल्यास ती वाया गेली असे समजावे.

६) नाक-तोंडावर मुखपट्टी, हातमोजे व चष्मा वापरावा. पंप विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात धुऊ नये.

आपल्याच शेतात चाचणी घ्या

रब्बी ज्वारी, गहू किंवा मका या पिकांत एकसारख्या जमिनीचे प्रत्येकी पाच गुंठ्यांचे चार पट्टे आखावेत. वाण, पेरणीची तारीख व पायाभूत खत सर्वांत सारखे ठेवावे. फरक फक्त वरखतात करावा.

पट्टा १ : शिफारशीप्रमाणे पूर्ण वरखत.
पट्टा २ : निम्मे वरखत व नॅनो युरियाची फवारणी.
पट्टा ३ : निम्मे वरखत व साध्या युरियाची २ टक्के फवारणी.
पट्टा ४ : निम्मे वरखत व नुसत्या पाण्याची फवारणी.

चौथा पट्टा निरर्थक समजून वगळू नये. दुसरा व चौथा पट्टा सारखेच उतरले तर बाटलीने काहीच दिले नाही, हे त्यावरूनच कळेल. पानांच्या हिरवेपणावर निकाल ठरवू नये. काढणीनंतर प्रत्येक पट्ट्याचे धान्य वेगळे मळून वजन करावे, खर्च वजा करावा आणि नोंदवहीत लिहून ठेवावे. एका वर्षाच्या पावसावर विसंबून न राहता किमान दोन हंगाम चाचणी घ्यावी.

नवे तंत्रज्ञान म्हणून त्याला नाकारू नये आणि नवे आहे म्हणून डोळे झाकून स्वीकारूही नये. नॅनो तंत्रज्ञानातून पुढे खरोखर उपयोगी साधने मिळतील. तोपर्यंत जमिनीत परत काय जाते व पिकाबरोबर काय निघून जाते, याचा ताळेबंद शेतकऱ्याने स्वतःच ठेवावा. चाचणीच्या आखणीसाठी व मातीपरीक्षणासाठी तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा आणि पट्ट्यांच्या वजनाच्या नोंदी तेथील शास्त्रज्ञांना अवश्य दाखवाव्यात. त्या नोंदी शेजारच्या शेतकऱ्यांच्याही उपयोगी पडतील.