पायी पाहिलेला भूगोल

प्रवासाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित घरांत हिमालयाच्या गोष्टी सुरू होतात. केदारनाथास कोण जाऊन आले, काश्मीरचा बेत कोणी केला, याची चर्चा पंक्तीला बसल्या बसल्या रंगते. ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गावाच्या वेशीबाहेर दोन कोसांवर कोणती टेकडी आहे आणि गावातून वाहणारी नदी कोठे उगम पावते, असे त्याच पंक्तीस विचारले, तर पानावरची मान सहसा कोणी वर करीत नाही. हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. त्याचे पहिले धनी आम्हीच आहोत.

आमचे सारे आयुष्य मुलांस शिकविण्यात गेले. गंगेचा उगम गंगोत्रीस, गोदावरीचा त्र्यंबकेश्वरी, हे आम्ही शेकडो मुलांकडून घोकून घेतले. निवृत्तीनंतर एके दिवशी छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीजवळच्या पुलावर नातवाने विचारले, "आजोबा, हा नाला कुठून येतो?" "अरे, नाला नव्हे, ही खाम नदी," एवढे आम्ही तत्काळ सांगितले. पुढच्या 'कुठून'ला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या आठवड्यापासून, दर रविवारी पहाटे घरातील मुलांस घेऊन चालावयास निघावयाचे, असा नेम आम्ही धरला.

पहिली वाट अर्थातच खामेची. जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावून ही नदी हर्सूलच्या तलावातून शहरात येते आणि पुढे दक्षिणेस गोदावरीच्या भेटीस जाते. मलिक अंबराने १६१० साली येथे खडकी हे नगर वसविले आणि डोंगरांच्या कुशीत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणले. पाणचक्कीचे पाणीही असेच दूरच्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून आणलेले. त्याच्या धारेने जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. जवळच मोगलकालीन हिमायतबाग आहे. तेथे आता कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र असून जुन्या झाडांवर सकाळच्या प्रहरी पक्ष्यांची शाळा भरलेली असते.

मात्र काठाने चालताना नाकास रुमाल लावण्याचाही प्रसंग येतो. ज्या पाण्याच्या भरवशावर नगर वसले, त्यातच नगराने आपले सांडपाणी सोडले! अलीकडच्या काही वर्षांत महापालिकेने व नागरिकांनी काठ स्वच्छ करण्याचे, झाडे लावण्याचे काम हाती घेतले, हे स्तुत्य होय. तथापि नदी झाडणारे हात थोडे आणि तिला नाला म्हणणारी तोंडे पुष्कळ, अशी आजची स्थिती आहे.

दुसरी वाट वेरूळची. सुमारे तीस किलोमीटरांवरील ही लेणी पाहिली नाहीत असे घर आपल्याकडे विरळा. पण बहुतेक मंडळी कैलास पाहून माघारी फिरतात. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्यापाशी, म्हणजे सीतेच्या न्हाणीपाशी, येळगंगा कड्यावरून उडी घेते. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगास डोंगरावर गणेशलेणी व जोगेश्वरीलेणी ही लहान, विस्मृत लेणी आहेत. ज्वालामुखीच्या लाव्हाचा एकच काळा खडक; तो एकीकडे पाण्याने कोरला, दुसरीकडे माणसाने. भूगोलाचे व इतिहासाचे धडे एके ठिकाणी असे क्वचितच सापडतात.

तिसरी वाट धट्ट्याकट्ट्यांची. कन्नडजवळ गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली घोषित झाले. तेथील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांपासून पळस-सालईच्या रानातून पाटणादेवीच्या देवळाकडे पाऊलवाट उतरते. या पाटण गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, असे तेथील संस्कृत शिलालेख सांगतो. आमच्या घरच्या पोरांस गणिताचा कंटाळा. परंतु रान तुडवून त्या स्थळी पोहोचल्यावर 'लीलावती'विषयी त्यांनी होऊन प्रश्न विचारले. शाळेच्या बाकावर हे आम्हांस कधी साधले नव्हते.

चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. श्रावण ते मार्गशीर्ष हा काळ उत्तम. पावसात शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही, म्हणून धबधब्याच्या काठाशी व पाण्यात मुलांस जाऊ देऊ नये. अभयारण्यात वनखात्याची अनुमती व वाटाड्या घेतल्यावाचून शिरू नये. तेथे बिबट्या आहे, आणि २०२१ साली यवतमाळकडील टिपेश्वराहून चालत आलेला वाघही दिसला होता. शिदोरी घरची न्यावी, कागद-पिशव्या परत आणाव्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हेही ध्यानी असावे.

ऐतरेय ब्राह्मणात राजपुत्र रोहिताची कथा आहे. तो रानातून घरी परतू लागला की इंद्र त्यास पुन्हा चालावयास सांगे. आम्हांस हा उपदेश साठीनंतर, तोही नातवाच्या मुखाने मिळाला. गेल्या दिवाळीत त्याच पुलावरून जाताना आमच्याकडे आलेले पाहुणे सहज म्हणाले, "नाल्याला पाणी बरंच आहे." तेव्हा तो चिमुरडा गर्रकन वळून म्हणाला, "काका, नाला नाही, खाम नदी आहे ती. हिचं घर जटवाड्याच्या डोंगरात आहे. आम्ही चालत जाऊन पाहिलंय."

आमच्या साऱ्या अध्यापनात यापेक्षा समाधानकारक उत्तर आम्ही ऐकले नाही. वाचकांनी येत्या रविवारी आपापल्या गावची नदी मुलांस दाखवावी, एवढीच विनंती.