संगणकाच्या आज्ञांची रुजवात

दस्तऐवजाची नक्कल झाल्यावर ती अस्सलाशीं ताडून पाहण्याची, म्हणजे रुजवात घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही अशा रुजवातीची गरज आहे, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

सॉफ्टवेअरचीं रूपें दोन. जाणकारास वाचतां येते ती मूळ संहिता. आणि तिच्यापासून बांधणी करून निघतें तें केवळ यंत्रास कळणारें अंकरूप. डेबियनसारख्या लिनक्स वितरणाची संहिता सर्वांस खुली असते. परंतु बहुतेक लोक घेतात तें दुसऱ्याच्या यंत्रावर बांधलेलें अंकरूप. तें त्याच संहितेपासून निपजलें, हें कशावरून?

ही शंका निराधार नव्हे. २०२० सालीं सोलरविंड्स कंपनीच्या बाबतींत असें उघडकीस आलें कीं, हल्लेखोरांनीं बांधणीच्या यंत्रांतच शिरून, ऐन बांधणीच्या वेळीं घातक भाग मिसळला होता. कोठारांतील संहिता निर्दोष दिसत होती, आणि तयार मालावर कंपनीची सहीही होती.

उपाय असा कीं, एकाच संहितेची बांधणी परस्परांशीं संबंध नसलेल्या माणसांनीं सारख्याच साधनांनीं, परंतु निरनिराळ्या यंत्रांवर करावी व निघालेलीं अंकरूपें ताडून पाहावीं. त्यांत एका अंकाचाही फरक पडतां कामा नये. हें ऐकावयास सोपें, करावयास कठीण. बांधणीची तारीख व वेळ अंकरूपांत उमटते. फायली कोणत्या क्रमानें हातीं आल्या, त्या कोणत्या फोल्डरांत होत्या, यंत्रावर कोणती भाषा व कोणत्या देशाची वेळ लावलेली होती, याच्याही खुणा राहतात. अशा निरुपद्रवी फरकांच्या गर्दींत खरा घातक फरक सहज लपतो.

डेबियनच्या स्वयंसेवकांनीं २०१३ पासून हे फरक एकेक करून नाहींसे करण्याचें काम हातीं घेतलें. २०१५ मध्यें असा संकेत ठरला कीं, घड्याळांतील वेळेऐवजीं संहितेंतील शेवटच्या बदलाची तारीख वापरावी. फायलींचा क्रमही ठरवून देण्यांत आला. पुढें इतर वितरणेंही या कामांत सामील झालीं.

या रुजवातीला मर्यादा आहे. मार्च २०२४ मध्यें, फायली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या प्रकाशित संहितेंतच चोरवाट पेरलेली सांपडली. तेथें कितीही जणांनीं बांधणी केली असती तरी अंकरूपें जुळलींच असतीं. कारण अस्सलच दूषित होतें. म्हणून संहिता वाचण्याचे कष्ट टळत नाहींत. परंतु वाचलेल्या संहितेचेंच अंकरूप आपल्या यंत्रांत आलें आहे, हें बांधणाऱ्याच्या शब्दावर न विसंबतां कोणासही पडताळतां येतें. आणि बांधणाऱ्यावर दडपण आणून कोणी गुपचूप कांहीं मिसळविलें, तर तें फार काळ लपून राहत नाहीं.