पक्षाघातोत्तर बुद्धिपरीक्षण : प्रश्न रुग्णाच्या भाषेत हवेत

पक्षाघाताचा रुग्ण चालू लागला म्हणजे चिकित्सा पूर्ण झाली असे नव्हे; धी, धृती व स्मृती यांचेही परीक्षण व्हावे. १९७५ पासून प्रचलित असलेल्या मिनी मेंटल चाचणीत वाचन, लेखन व शंभरातून सात-सात वजा करणे अपेक्षित असते. हिंगोली जिल्ह्यातील निरक्षर वृद्ध तेथे अडखळला, तर दोष व्याधीचा की शाळा न लाभल्याचा?

हरियाणातील बल्लभगड परिसरातील ग्रामीण वृद्धांसाठी सिद्ध झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीने मार्ग दाखविला. तीत आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाचे अनुकरण करावयाचे, वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी बोलावयाचे. आपणही तारखेसोबत मराठी महिना विचारावा. लमाणी वा उर्दू भाषकास त्याच्याच भाषेत विचारावे. मात्र प्रश्न बदलल्यावर मूळ चाचणीची गुणमर्यादा लावू नये.

उजव्या अंगाच्या पक्षाघातात वाणीही बाधित झाली असल्यास मौनास विस्मृती समजू नये. बाजारहिशेब, औषधांच्या वेळा पूर्वी कोण सांभाळी, हे आप्तांना विचारावे. औषधालयचालकांनीही मात्रा पुन्हापुन्हा विसरणारा रुग्ण आढळल्यास वैद्यास कळवावे. निरक्षरतेस बुद्धिभ्रंश ठरविणे व खरा बुद्धिभ्रंश दृष्टिआड होणे, दोन्ही रुग्णास सारखेच घातक होत.