फुटपाथची उंची किती?

फुटपाथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नसावा आणि त्यावर चालायला किमान १.८ मीटर रुंदी सलग मोकळी असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. एवढ्या रुंदीत चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना न अडता जाऊ शकतात. आणि सहा इंचांची पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसालाही चढता येते. हे आकडे डोक्यात ठेवून पुण्यात कुठेही अर्धा तास चालून बघावं. फुटपाथ कुठे नऊ इंच उंच, कुठे फूटभर. ‘उंच केला की गाड्या चढत नाहीत’ हे त्याचं नेहमीचं समर्थन. प्रत्यक्षात प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तो खाली उतरतो, तिथून दुचाक्या आरामात वर चढतात. चढता येत नाही ते फक्त चालणाऱ्याला. मग तो खालून, गाड्यांच्या कडेकडेने चालतो आणि वर ‘लोक फुटपाथ वापरत नाहीत’ हे ऐकूनही घेतो.

पुण्यात गेली कित्येक वर्षं काही माणसं मोजपट्टी आणि वही घेऊन याच रस्त्यांवर फिरत आहेत. १९८०च्या दशकापासून काम करणारी ‘परिसर’, चालणाऱ्यांसाठी झटणारी ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’, ‘सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट’ अशा संस्था आणि त्यांच्या भोवती जमलेले निवृत्त अभियंते, वास्तुरचनाकार, विद्यार्थी, गृहिणी. फुटपाथ मोजायचे, झेब्रा पट्टे पुसले गेले असतील तर फोटो काढायचे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे, बैठकांना बसायचं आणि वर्षभराने पुन्हा तोच फुटपाथ मोजायचा. यात मोर्चे कमी आणि कागद जास्त, त्यामुळे बातम्यांत हे काम फारसं दिसत नाही. पण पुण्यात पायी चालणं जिथे सुसह्य झालं आहे, तिथे या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे आता सांगावं लागतं. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. डबलसीट गेलं किंवा संध्याकाळी सायकलला दिवा नसला, तर पोलीस अडवायचे. कारखान्यांतले कामगार, कॉलेजची मुलं-मुली, प्राध्यापक सगळे सायकलवर. १९७२ साली लूना आली, आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसू लागले. शहर पसरत गेलं, घर आणि नोकरी यांतलं अंतर वाढलं, बस पुरेना, आणि सायकलवाला नाइलाजाने दुचाकीवर गेला. २०१८पर्यंत शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर पोचला होता, म्हणजे माणसांपेक्षा वाहनं जास्त.

याची किंमत चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी मोजली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, ४,८३६ सायकलस्वार. रोज सरासरी ९० पादचारी. बातमीत अशा मृत्यूपुढे बहुधा ‘रस्ता ओलांडताना’ एवढेच दोन शब्द येतात, जणू रस्ता ओलांडणं हीच चूक.

कागदावर मात्र गेल्या वीस वर्षांत बरंच जिंकलं गेलं. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितलं की रस्त्यांचं नियोजन वाहनांसाठी न करता माणसांसाठी करा. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं होतं.

या पादचारी धोरणातून उभं राहिलेलं काम बघायचं तर जंगली महाराज रस्त्यावर जावं. १९७६ साली बांधलेला आणि वर्षानुवर्षं खड्डे न पडलेला रस्ता म्हणून त्याचं नाव होतंच. नव्या रचनेत फुटपाथ रुंद झाले, झाडं जागच्या जागी ठेवून त्यांच्याभोवती बसायला कट्टे आले, गाड्या लावायच्या जागा आखल्या गेल्या. संध्याकाळी तिथे आजोबा नातवाला घेऊन निवांत बसलेले दिसतात. मोठ्या रस्त्याच्या कडेला लहान मूल हात सोडून चालतंय, हे दृश्य पुण्यात इतकं दुर्मीळ आहे की मी तिथे दर वेळी थांबून बघते. औंधला परिहार चौकाजवळ तर आधी तात्पुरते अडथळे लावून नवी रचना करून पाहिली, मग पक्कं काम झालं. व्यापाऱ्यांचा विरोध होता, रहिवाशांच्या तक्रारी होत्या. तरी ‘आधी करून बघा’ ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण नकाशावरचं भांडण तिथे प्रत्यक्ष रस्त्यावर तपासता येतं. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला गेला आणि पुढच्या वर्षांतही तो दिवस पाळला गेला.

सायकलचं मात्र जमलं नाही. बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिका, झाल्या त्या वेळी, २००६ नंतर, सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी सायकल ट्रॅक झाले. डिसेंबर २०१७ पासून भाड्याच्या सायकली आल्या, २०१८ मध्ये त्या शहरभर दिसत होत्या, पण मोडतोड आणि तोट्यापुढे त्या योजना फार काळ टिकल्या नाहीत. आणि निष्कर्ष निघाला की पुणेकरांना सायकल नको आहे. मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. ट्रॅक शंभर मीटर चालतो, मग मध्ये विजेची डीपी येते, पुढे बसथांबा, मग उभ्या केलेल्या रिक्षा, आणि नेमका चौकात, जिथे जीव मुठीत धरावा लागतो, तिथे तो संपतो. पाण्याच्या लाइनीत मधले दहा फूट पाइप टाकलेच नाहीत, तर नळ कोरडा राहणारच. त्यावरून घरच्यांना तहान नाही असं कुणी म्हणत नाही.

रस्ता ओलांडण्याचंही असंच आहे. सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. २४ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने २० सेकंदांत पार होतो. काठी टेकत ०.८ मीटरने चालणाऱ्याला ३० सेकंद लागतात. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने एका चौकात हे मोजायचं ठरवलं तेव्हा मी बरोबर होते. एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, “तू सेकंद मोज गं, मी चालते. पळणार नाही हं मी, रोजच्यासारखीच चालणार.” त्या दुभाजकापर्यंत पोचल्या आणि हिरवा माणूस लाल झाला. पुढच्या गाड्या निघाल्या, बाई काठी छातीशी धरून अडीच फुटांच्या दुभाजकावर उभ्या. संघाने असं दहा जणांचं मोजमाप तक्त्यात मांडून दिलं आणि वेळ वाढली. तोंडी तक्रार केली असती तर ‘बघतो’वर मिटली असती. अशा कामात कुणाचं काय ते माहीत असलेलं बरं: सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात, पट्टे आणि फुटपाथ महापालिकेच्या पथ विभागाकडे, आणि दिव्यांची दुरुस्ती विद्युत विभागाकडे.

या चळवळीबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. एक, चालणाऱ्यांच्या नावाने पहिला बडगा भाजीवालीवर पडतो, हे थांबलं पाहिजे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने तिला हक्क दिला आहे, आणि एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत अशा दोन-तीन जणींचं पोट चालतं. तिथली गर्दी रात्री उशिरा चालत घरी जाणाऱ्या बाईला आधारच वाटते. दुसरी गोष्ट, हेल्मेट घालून पहाटे सिंहगडाकडे जाणारा सायकलस्वार बैठकीला येतो. रात्रपाळी संपवून जुन्या सायकलवर घरी जाणारा वॉचमन येत नाही. चार घरची धुणीभांडी करायला रोज पायी फिरणारी बाईही येत नाही. त्यांच्या वेळेला, त्यांच्या वस्तीत बैठक ठेवली तर मागण्यांचा क्रमच बदलेल, असं मला वाटतं.

कायद्याचं पाठबळ आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १९८अ कलमानुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्यांविना फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगितलं.

पुणेकरांच्या हाती आणखी एक साधन आहे. २००६ पासून महापालिका नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करते. पावसाळ्याच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं छोटं काम सुचवता येतं. ‘फुटपाथ दुरुस्त करावा’ एवढंच लिहिलं तर पुन्हा पेव्हर ब्लॉक बदलून मिळतात. त्याऐवजी कुठल्या दुकानापासून कुठल्या चौकापर्यंत, आज उंची किती, मोकळी रुंदी किती, मध्ये कोणता खांब हलवायचा, उतार कुठे हवा, हे फोटोसह लिहावं आणि अर्जाची पोच घ्यावी. अंदाजपत्रक मंजूर झालं की त्यात आपलं काम आलं आहे का ते बघावं, आणि काम सुरू होईल त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसासमोर मोजपट्टी घेऊन उभं राहावं, कारण एकदा काँक्रीट पडलं की नऊ इंचांचे सहा इंच करायला पुढची दहा वर्षं कुणी येत नाही.