नवा पडदा, जुने रंग

निन्टेंडोचा ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ २००१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. खोलीतला किंवा बाहेरचा उजेड पडद्यावर पडून मागच्या परावर्तकावरून उलटे, तेव्हा चित्र दिसे. उजेडासाठी वीज लागत नसल्याने दोन ‘एए’ सेलवर हे यंत्र सुमारे १५ तास चाले. संध्याकाळी खेळायचे तर मात्र दिव्याखाली बसावे लागे.

अशी यंत्रे जपणारे हौशी लोक आता मूळ पडदा काढून तेथे ‘आयपीएस’ प्रकारचा प्रकाशित पडदा बसवतात. चित्र लख्ख दिसते, पण सेल लवकर संपतात. याचे कारण एलसीडीच्या रचनेत आहे. हा पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, मागच्या दिव्याचा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. ध्रुवक आणि रंगगाळण्या यांतून जाताना त्यातला बहुतांश प्रकाश शोषला जातो. दृश्य काळे असले तरी मागचा दिवा जळतच असतो. दिव्याची किंमत किती, हे २००३ च्या ‘एसपी’ या आवृत्तीवरून कळते. कंपनीच्या आकड्यांनुसार तिची बॅटरी दिवा बंद असताना १८ तास, तर चालू असताना १० तास पुरे. म्हणून नव्या पडद्याची प्रखरता खोलीतल्या उजेडाइतकीच ठेवावी. वीज वाचते आणि डोळ्यांनाही बरे वाटते.

रंगांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. या यंत्रात लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी ३२ पातळ्या, म्हणजे एकूण ३२,७६८ रंग आहेत. मूळ पडदा मंद आणि फिकट असल्याने अनेक खेळांचे रंग मुद्दाम भडक ठेवले जात. ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतला २००१ चा खेळ फार अंधारा असल्याची तक्रार झाली, तेव्हा २००२ च्या पुढच्या भागात रंग उजळ करण्यात आले. तेच रंग प्रकाशित पडद्यावर डोळ्यांत खुपतात.

त्यावर उपाय म्हणून काही नव्या पडद्यांत ‘रंगदुरुस्ती’ची सोय असते. त्यात तिन्ही रंग एकमेकांत थोडे मिसळून आणि उजळपणा कमी करून जुन्या पडद्याची नक्कल केली जाते. मग अचूक रंग कोणता? कार्ट्रिजमध्ये आकड्यांनी नोंदलेला, की चित्रकाराने मंद पडदा गृहीत धरून योजलेला? मोजमापाच्या उपकरणाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दुसऱ्यासाठी जुना, बिनदिव्याचा पडदाच पुरावा असतो. म्हणून पडदा बदलला तरी काढलेला मूळ पडदा फेकू नये.